हृदयातील दार : मिटावे की गोळी घ्यावी?

तुम्ही जन्माला येण्यापूर्वी तुमच्या हृदयात एक दार उघडे होते. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नाहीत. त्याला प्राणवायू मिळतो तो नाळेवाटे. म्हणून बरेचसे रक्त फुप्फुसांना वळसा घालून उजव्या कर्णिकेतून थेट डाव्या कर्णिकेत जाते. मधल्या पडद्यात त्यासाठी एक अंडाकृती छिद्र असते व त्यावर डाव्या बाजूने पातळ झडप. बाळाने पहिला श्वास घेतला की डावीकडील दाब वाढतो, झडप पडद्यावर दाबली जाते आणि पुढे चिकटते.

सर्वांचीच चिकटत नाही, बरे का! दर चार माणसांत साधारण एकाची सैल राहते. एरवी काही बिघडत नाही. पण जोराने खोकताना किंवा कुंथताना क्षणभर उजवीकडचा दाब वरचढ होतो व दार किलकिले होते. नेमकी त्याच क्षणी पायाच्या शिरेतून आलेली रक्ताची गुठळी तेथे पोचली तर? एरवी ती फुप्फुसात अडकली असती. आता ती मेंदूची रोहिणी तुंबवू शकते. म्हणजेच पक्षाघात. कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने ही वाट १८७७ मध्येच वर्णिली होती.

मग दार मिटून टाकावे हे उघडच नाही का? मांडीच्या शिरेतून नळी घालून निकेल-टायटॅनियमच्या जाळीच्या दोन चकत्या पडद्याच्या दोन्ही अंगांना बसवता येतात. (हा मिश्रधातू आपला आकार विसरत नाही. नळीत आवळून भरला तरी बाहेर येताच उमलतो.) पण थांबा. चौघांत एकाला असणारे छिद्र पक्षाघाताच्या रोग्यात सापडले, म्हणून तेच दोषी कसे? ते निव्वळ तेथे हजर असेल!

येथे तर्क पुरत नाही, मोजावे लागते. अमेरिका व कॅनडातील ९०९ रोग्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले. २०१२ मध्ये निष्कर्ष आला : दोन वर्षांत पुन्हा पक्षाघात झाला तो छिद्र मिटलेल्यांत १२ जणांना, नुसत्या औषधांवरील गटात १३ जणांना. फरक नाहीच म्हणा ना.

पुढे फ्रान्स व जर्मनीतील प्रयोगात रोगी निवडून घेतले : वय १६ ते ६०, पक्षाघाताचे दुसरे कारण सापडलेले नाही, आणि छिद्रातून गळती मोठी किंवा पडदा फुग्यासारखा सैल. २०१७ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. सरासरी पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात छिद्र मिटलेल्या २३८ जणांत एकालाही पक्षाघात झाला नाही. अ‍ॅस्पिरिनसारख्या, रक्तबिंबिकांना चिकटू न देणाऱ्या गोळ्यांवरील २३५ जणांत १४ जणांना झाला.

आता वहीत भागाकार करा. २३५ भागिले १४, म्हणजे सुमारे १७. एकाचा पक्षाघात टाळण्यासाठी सतरा हृदयांत चकत्या बसवायच्या. उरलेल्या सोळांना तेवढ्या काळात तो झालाच नसता. शिवाय चकतीवाल्यांची गोळी सुटली नव्हतीच, आणि त्यांच्यापैकी ११ जणांच्या कर्णिकांची लय बिघडली. दुसऱ्या गटात अशा दोनच. माझ्या मते निवडलेल्या तरुण रोग्यासाठी हा सौदा तरीही वाजवी आहे. साठीपुढच्या माणसाला मात्र हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्या वयात वाढलेला रक्तदाब, कठीण झालेल्या रोहिण्या असे दुसरे संशयित पुष्कळ असतात, आणि या प्रयोगात त्या वयाचे कोणी घेतलेच नव्हते.