दुकानाचा जुना कॉम्प्युटर बदलताय? आधी उधारीचं खातं सांभाळा

कृषी सेवा केंद्र असो की किराणा दुकान, गल्ल्यावर एक कॉम्प्युटर दिसतो. पण खरा हिशेब बऱ्याच ठिकाणी मागच्या घरातल्या जुन्या मशिनवर असतो. दुकान, गोडाऊन आणि घर एकाच राऊटरला जोडलेलं आणि टॅलीचा सगळा डेटा त्या एका मशिनवर. तोच त्या दुकानाचा सर्व्हर. दहा-बारा वर्षं चालतोय म्हणून त्याला कुणी हात लावत नाही.

विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यात हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली तर दिवस मोजायला घ्यावेत. पेरणीला उधार नेलेलं बी-खत, पीक आल्यावर झालेला भरणा, सगळं त्याच डिस्कवर. वहीत लिहिणं तर कधीच बंद झालंय. डेटा गेला तर दुकानदार एक आकडा सांगणार, शेतकरी दुसरा.

नवीन मशिन आणलं की नुसतं फोल्डर कॉपी करून भागत नाही. आधी टॅलीतून बॅकअप घ्यायचा आणि तो बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा. मग जुन्या मशिनवरून लायसन्स सरेंडर करून नव्यावर चालू करायचं. नव्या आवृत्तीत एकदा बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून मूळ बॅकअपला हात लावू नये.

डेटा आला की खातरजमा करायची. दोन्हीकडे एकाच तारखेची उधारीची यादी काढा. एकूण रक्कम जुळली, शिवाय पाच-सहा गिऱ्हाइकांची खाती ओळीओळीने जुळली, तरच पुढं जा. ही अर्ध्या तासाची मेहनत बरेच जण टाळतात.

गोडाऊनचा कॉम्प्युटर सर्व्हरला त्याच्या नावाने किंवा आयपी नंबरने शोधतो. तेच नाव, तोच नंबर नव्या मशिनला दिला तर बाकीकडे फारसं बदलावं लागत नाही. मात्र जुनं मशिन तेव्हा राऊटरपासून काढलेलं हवं, नाहीतर दोघांची टक्कर होते. गोडाऊनला अजून विंडोज एक्सपी असेल तर नवं विंडोज त्याच्याशी बहुधा बोलणारच नाही. जुनी शेअरिंगची पद्धत त्यात बंद करून पाठवतात, ती उघडण्यापेक्षा ते मशिनही बदललेलं बरं.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेली जुनी पत्रं, दरपत्रकं नव्या मशिनवर उघडली की मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. फाईल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. तो जुन्या मशिनवर आहे तोवरच काढून ठेवावा.

हे काम कधी करायचं? मार्च एंडला नाही, पेरणीच्या गर्दीत तर नाहीच. महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस सोडावेत. दुकान बंद असतं तो वार धरावा, इन्व्हर्टर चार्ज असावा.

जुनं मशिन लगेच भंगारात देऊ नका. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. निदान त्यातली डिस्क काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर आणि आधारच्या झेरॉक्सचे फोटोही तिच्यातच असतात.