जठराचा कर्करोग आणि पेशींतील सूक्ष्म माळी



आपल्या जळगांव जिल्ह्यांतील मुलांस केळीची बाग नवी नाहीं. केळीच्या बुंध्याभोवतीं जीं पिलें फुटतात, त्यांतील एखादें राखून बाकीचीं शेतकरी वेळच्या वेळीं कापून टाकतो. हें काम राहिलें तर पिलांची दाटी होते, मूळ झाडाचा रस तीं ओढून घेतात व घड बारीक राहतो. मनुष्याच्या शरीरांतहि पेशींची वाढ अशीच आवरून धरावी लागते. तें काम करणाऱ्या एका अतिसूक्ष्म माळ्याची आज ओळख करून घेऊं.

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या केंद्रांत डीएनए नांवाची एक मोठी चोपडी असते, व कोणतें प्रथिन कसें बनवावें हें तींत लिहिलेलें असतें. ही मूळ चोपडी केंद्राबाहेर जात नाहीं. हवा असेल तेवढाच मजकूर उतरून घेतला जातो, आणि ती नक्कल प्रथिनांच्या कारखान्याकडे रवाना होते. या नकलेस संदेशवाहक आरएनए म्हणतात.

पण पाठविलेला प्रत्येक हुकूम सदासर्वकाळ अमलांत येणें इष्ट नसतें. येथें मायक्रोआरएनए पुढें येतो. हा अवघ्या बावीसएक अक्षरांचा तुकडा. आपल्या अक्षरांशीं जुळणारी जागा हुकुमाच्या कागदावर सांपडली, कीं तो तेथें चिकटतो. मग त्या हुकुमावरून प्रथिन बनत नाहीं, किंवा तो कागदच नष्ट होतो. एकच मायक्रोआरएनए अनेक हुकूम आवरूं शकतो, आणि एका हुकुमावर अनेकांची नजर असूं शकते.

याचा शोध कोठें लागला म्हणाल, तर सुमारें एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमींत! व्हिक्टर अम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तो १९९३ सालीं प्रसिद्ध केला. हा त्या कृमीचाच कांहीं विशेष असावा, असें समजून पुष्कळांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. परंतु २००० सालीं असाच दुसरा तुकडा मनुष्यासह अनेक प्राण्यांत आढळला, आणि २०२४ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. क्षुद्र म्हणून कोणत्याहि जीवाचा अभ्यास तुच्छ लेखूं नये, हा बोध यांतून घेण्यासारखा आहे.

आतां जठराकडे वळूं. जठराच्या आंतील अस्तराच्या पेशी सतत झिजतात व त्यांच्या जागीं नव्या येतात. म्हणून तेथें वाढीचे हुकूम नेहमीं चालू असतात आणि त्यांवर आवरहि हवा असतो. कर्करोगांत हा आवर बिघडतो. मिर-२१ नांवाचा मायक्रोआरएनए जठराच्या कर्करोगांत पुष्कळदां प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो. पेशीची वाढ रोखणारें पीटीईएन हें प्रथिन तोच दाबून टाकतो. जणूं माळ्यानें विळा फेंकून पिलांनाच पाणी घालावें! उलट मिर-२०० या कुटुंबाचें काम पेशींना एकमेकींस धरून ठेवण्याचें असतें. तें घटलें म्हणजे पेशींमधील चिकटपणा सुटतो, सुटलेल्या पेशी रक्तांत व रसवाहिन्यांत शिरतात आणि यकृतासारख्या दूरच्या ठिकाणीं जाऊन रुजतात. मिर-२१८ कमी झाल्यासहि रोग पसरण्यास मदत होते. सारांश, वाढविणारे व आवरणारे यांचा तोल गेला, कीं रोग फोफावतो.

हा तोल कां जातो? एक मोठें कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांस त्याच्या शोधाबद्दल २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु जठरांत वर्षानुवर्षें दाह उत्पन्न करतो. तो ज्यांच्या पोटांत असतो, त्यांपैकीं बहुतेकांस कर्करोग होत नाहीं; तथापि धोका वाढतो. योग्य औषधांनीं त्याचा नाश करतां येतो. तंबाखूचें धूम्रपान आणि खारवून टिकविलेले पदार्थ यांनींहि धोका वाढतो.

लोकांच्या संवयी व कर्करोग यांचा संबंध आपल्या देशांत शोधून पाहणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे अग्रणी होते. परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं हें कार्य केलें.

मायक्रोआरएनएचेंच औषध कां करूं नये, असें कोणी विचारील. प्रयत्न झाला आहे. मिर-३४ ची प्रतिकृति रुग्णांस देऊन पाहिली. पण कांहींना गंभीर अपाय झाल्यामुळें २०१६ सालीं तो प्रयोग थांबवावा लागला. रक्तांतील मायक्रोआरएनए तपासून रोग लवकर ओळखतां येईल काय, याचाहि अभ्यास चालू आहे. तोंपर्यंत दुर्बिणीनें जठर पाहून तेथील तुकडा तपासणें, हाच खात्रीचा मार्ग होय.

पालकांस शेवटीं एक विनंती. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ कित्येक महिने "पित्त आहे" म्हणून सोडा घेत राहिले. निदान झालें तेव्हां रोग यकृतापर्यंत पोहोंचला होता. त्याहून मनास लागली ती गोष्ट ही, कीं घरच्यांनीं भीतीपोटीं त्यांचें ताट वेगळें केलें. कर्करोग एका पंक्तीस जेवल्यानें होत नाहीं, आणि तो कोणाच्या पापाचें फळहि नव्हे. दोन घांसांतच पोट भरल्यासारखें वाटणें, वजन उतरणें, अन्न गिळतांना अडकणें, वारंवार उलटी होणें, काळा शौच होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास सोड्यावर दिवस काढूं नका, डॉक्टरांकडे जा. आणि मुलांनो, आजोबांनीं अर्धी भाकरी टाकून ताट सारलेलें दिसूं लागलें, तर तें प्रथम तुमच्याच ध्यानांत येईल. लाजूं नका, घरांत सांगा. वेळीं उच्चारलेल्या एका शब्दानें एखादा जीव वांचूं शकतो.