सायकलचे वजन आणि स्वाराचे श्रम

बोईसर स्टेशनाहून तारापूरच्या कारखान्यांकडे रोज सायकलीने जाणाऱ्या कामगाराने हलक्या सायकलीसाठी जादा पैसे मोजावेत काय? हिशेब करून पाहू.

स्वार 60 किलोचा आणि जुन्या घडणीची सायकल 20 किलोची. एकूण भार 80 किलो. सायकल 10 किलोची घेतली तर भार 70 होतो. सायकलचे वजन निम्मे झाले. पण एकूण भार अष्टमांशानेच घटला. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड चढावी लागते. तेथे हा अष्टमांश जवळजवळ पुरता पदरात पडतो. कारण सारा भार वर उचलायचा असतो. सपाटीवर मात्र विरोध दोन : चाकांच्या घर्षणाचा आणि हवेचा. पहिला भाराबरोबर घटतो. दुसऱ्याला वजनाशी कर्तव्य नाही. उलट, वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. दुपारी समुद्रावरचा वारा तोंडावर घेत चिंचणीकडे निघालेल्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून बोईसरच्या सपाट रस्त्यावर हलक्या सायकलीचा लाभ थोडाच. चाकांत पुरेशी हवा, साखळीला तेल आणि बैठकीची योग्य उंची यांना खर्च नाममात्र, लाभ रोजचा. कर्ज काढून दहा किलो कमी करण्याआधी पंप हाती घ्यावा, हे बरे.