अर्ध्या तासाच्या पलीकडचं विसरणं

आठवणींचा माग : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण हेन्री मोलेसन यांची गोष्ट वाचली. लहानपणापासून फेफरं येणारे हेन्री, १९५३ साली हार्टफर्डला झालेली त्यांची शस्त्रक्रिया, त्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा काढून टाकलेला मोठा भाग, आणि त्यानंतर माँट्रियलहून येऊन त्यांच्या चाचण्या घेणाऱ्या ब्रेंडा मिल्नर. हेन्रींचं विसरणं काही मिनिटांतच दिसे. बोलत असलेलं माणूस खोलीबाहेर जाऊन परत आलं, की त्यांच्यासाठी ती पुन्हा पहिलीच भेट असे. इतकं ठळक विसरणं पकडायला अर्धा तास पुरून उरतो.

आज ज्या मुलांबद्दल लिहायचं आहे, त्यांचं विसरणं इतकं ठळक नसतं. म्हणूनच ते वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत भरत नाही.

फेफरं येणाऱ्या मुलांचे आईवडील डॉक्टरांना एक गोष्ट फार सांगतात. “रात्री कविता घडाघडा म्हणून दाखवली. पुढच्या आठवड्यात बाईंनी विचारली, तर एक ओळ येईना.” मग मुलाची स्मरणशक्तीची चाचणी होते आणि निकाल येतो, सगळं वयाप्रमाणे आहे. आई गप्प होते. घरी आणि शाळेत निष्कर्ष आधीच तयार असतो : लक्ष नाही, आळशी आहे, आजाराचं निमित्त करतो. त्या लेकराला स्वतःलाही सांगता येत नाही की आपण खरंच पाठ केलं होतं.

आईचं म्हणणं आणि चाचणीचा निकाल, दोन्ही खरे असू शकतात. हे कसं, ते कळायला चाचणी समजून घ्यायला हवी. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक स्वित्झर्लंडच्या आंद्रे रे यांच्या नावाने ओळखली जाते. १५ साध्या शब्दांची यादी मुलाला वाचून दाखवायची आणि आठवतील तेवढे शब्द म्हणायला सांगायचं. असं पाच वेळा. मग मध्ये दुसरी यादी, दुसरी कामं, आणि वीस-तीस मिनिटांनी विचारायचं, मघाचे शब्द कोणते होते? बंगळुरूच्या निम्हान्सने मुलांसाठी तयार केलेल्या चाचणीसंचातही या पद्धतीची शब्दयादी आहे. सगळं एका बैठकीत आटोपतं आणि ते सोयीचंही असतं, कारण लांबून आलेल्या कुटुंबाला पुन्हा पुन्हा बोलावणं कठीण. पण या सोयीपोटी आपण एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते : अर्धा तास जे टिकलं, ते पुढेही टिकेल.

सिडनी विद्यापीठातल्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट सुन्चित्सा लाह यांच्या गटाने नेमकं हेच गृहीतक तपासायला घेतलं. मोठ्या माणसांमध्ये असं उशिरा होणारं विसरणं आधी नोंदलं गेलं होतं. २००० साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात अपस्माराचे, म्हणजे फेफरं येणारे, काही रुग्ण अर्ध्या तासानंतर इतरांच्या बरोबरीने होते आणि आठ आठवड्यांनी फार मागे पडले होते. मुलांचं काय, हा प्रश्न मात्र उरला होता. लाह आणि त्यांचे सहकारी मायकल गॅस्कॉइन यांनी केलेला बदल ऐकायला अगदी साधा आहे. अर्ध्या तासानंतर विचारलेलंच त्यांनी एका आठवड्याने पुन्हा विचारलं.

२०१२ साली ‘एपिलेप्सिया’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या तासानंतर फेफरं येणारी मुलं आणि निरोगी मुलं यांच्यात फरक नव्हता. आठवड्यानंतर होता. फेफरं येणाऱ्या मुलांना लक्षणीयरीत्या कमी शब्द आठवले. यातला अर्ध्या तासाचा निकाल मला आठवड्याच्या निकालाइतकाच मोलाचा वाटतो. मुलं मुळातच कमी शिकली असती, तर नंतरच्या फरकाला विसरणं म्हणता आलं नसतं. ती शिकली होती, अर्धा तास टिकवूनही होती. जे काही निसटलं, ते त्यानंतर निसटलं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या अभ्यासातल्या मुलांचा अपस्मार मेंदूच्या एका कोपऱ्यातून उठणारा नव्हता. दोन्ही अर्धगोलांत एकदमच सुरू होणारा, ज्यात एमआरआय सहसा स्वच्छ येतो, अशा प्रकारचा तो होता. काही क्षण शून्यात बघत राहणारी आणि पुन्हा काही न झाल्यासारखी खेळायला लागणारी मुलं याच गटात येतात. हिप्पोकॅम्पसवर व्रण असलेल्या मुलाची स्मृती बिघडणं समजण्यासारखं आहे. इथे दिसायला व्रण नाही, चाचणी ठीक, आणि तरीही आठवणी निसटतात. दोन वर्षांनी याच गटाने टेम्पोरल लोबच्या अपस्माराच्या मुलांमध्येही हे उशिराचं विसरणं दाखवलं.

अर्धा तास आणि आठवडा यांच्या मधे होतं काय? नवी आठवण पहिल्यांदा हिप्पोकॅम्पसच्या आधाराने उभी असते. पुढच्या तासांत आणि दिवसांत, विशेषतः गाढ झोपेत, मेंदू ती पुन्हा पुन्हा उजळवतो आणि हळूहळू बाह्यकाचे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचे, दुवे पक्के होत जातात. रात्री विरजण लावलेलं भांडं कुणी सारखं हलवत राहिलं, तर सकाळी दही नीट लागलेलं नसतं. तसंच काहीसं इथे होत असावं. लहान मुलांच्या अपस्माराच्या काही प्रकारांत झोप लागताच मेंदूतले असामान्य विद्युत्स्राव कितीतरी वाढतात. हात-पाय झटकत नाहीत, शेजारी झोपलेल्या आईलाही काही कळत नाही, पण ईईजीच्या पट्टीवर ते टोकदार उभे दिसतात. आठवणी पक्क्या होण्याची वेळ तीच.

हे एकमेव कारण आहे, असं मात्र म्हणता येत नाही. झटके स्वतः, त्यांनी मोडलेली झोप, आजार सुरू झाला ते वय, औषधं, या सगळ्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. फेनोबार्बिटोन आणि टोपिरामेट यांचा मुलांच्या विचारांच्या गतीवर आणि शब्द सुचण्यावर परिणाम होऊ शकतो, हे माहीत आहे. पण हे वाचून कुणीही गोळी स्वतःहून बंद करू नये. औषध एकदम थांबवल्याने न थांबणारा झटका येऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. औषधाबद्दलची शंका डॉक्टरांसमोर मांडावी, पर्याय असतात.

लाह यांच्या गटाचं दुसरं एक काम शब्दयाद्यांच्या पलीकडे जातं आणि मला ते अधिक अस्वस्थ करतं. मुलांना त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातल्या घटना सांगायला सांगितल्या. स्वतःबद्दलची माहिती, म्हणजे शाळा कोणती, राहतो कुठे, ही त्यांनी इतर मुलांसारखीच सांगितली. घडलेल्या प्रसंगांचे बारकावे मात्र कमी होते, आणि प्रश्न विचारून आठवण करून दिली तरी ते भरून निघाले नाहीत. परीक्षेतले गुण गेले तर त्याची चर्चा तरी होते. आजोबांबरोबर घालवलेली दुपार पुसट झाली, तर ते कोणत्या प्रगतिपुस्तकात दिसणार?

आपल्याकडे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला नवं यंत्र लागत नाही. पुढची भेट आठवड्याने असेल, तर तीच यादी तेव्हा पुन्हा विचारता येते. नसेल, तर ठरलेल्या दिवशी मुलाला फोन करता येतो. नुसता “स्मरणशक्ती सामान्य” असा शेरा लिहिण्याऐवजी “अर्ध्या तासापर्यंत सामान्य” असं लिहिता आलं, तरी शाळेत त्या कागदाचा अर्थ बदलेल. मोठ्या माणसांमधल्या काही नोंदींत असंही दिसलं आहे, की शिकलेलं मधल्या दिवसांत स्वतः आठवून पाहिलं तर ते जास्त टिकतं. पुस्तक उघडून पुन्हा वाचणं वेगळं आणि पुस्तक मिटून आठवणं वेगळं. फेफरं येणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याच्या शेवटी दोन-तीन मिनिटं हे करायला लावणं घरीही जमेल आणि वर्गातही. सहामाहीच्या आदल्या रात्री सगळा धडा घोकून घेण्यापेक्षा ते त्याच्या मेंदूला अधिक झेपेल.

पुढच्या लेखांकात लंडनला जाऊ. फराने व्हार्गा-खादेम यांनी १९९७ साली तीन तरुणांबद्दल लिहिलं होतं. लहानपणीच हिप्पोकॅम्पसला इजा झालेले ते तिघे नेहमीच्या शाळेत शिकले, वाचायला-लिहायला शिकले, जगाबद्दलची माहितीही त्यांनी मिळवली. आज दिवसभरात काय घडलं, एवढंच त्यांना सांगता येत नसे.