डुअलीवर कॅम्पर चढवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यलोस्टोन असो की ग्रँड कॅन्यन, अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानाच्या वाहनतळावर पाठीवर घर घेतलेला एखादा पिकअप ट्रक हमखास दिसतो. मागे जोडून ओढत नेलेला ट्रेलर नव्हे, तर ट्रकच्या हौद्यातच बसवलेली खोली. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि बऱ्याचदा संडासही. हा ट्रक कॅम्पर. जॉन स्टाइनबेक 1960 साली चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन अमेरिका बघायला निघाला, तो अशाच गाडीतून. तिचं नाव त्याने ‘रोसिनान्ते’ ठेवलं होतं. त्याची ती जीएमसी आणि तिच्यावरचा कॅम्पर आज कॅलिफोर्नियातल्या सालिनास गावी, नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये ठेवलेला आहे.

कॅम्परची मोठी सोय म्हणजे तो ट्रकवरून उतरवता येतो. चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर तो उभा करायचा आणि खालून ट्रक काढून घ्यायचा. उरलेलं वर्षभर ट्रक आपल्या नेहमीच्या कामाला मोकळा. मोठे कॅम्पर बहुधा ‘डुअली’वर, म्हणजे मागच्या धुरेला दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेल्या रुंद ट्रकवर बसवतात. तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने असा जोड घ्यायचं मनावर घेतलं, तर सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. त्यातले निम्मे सल्ले ट्रकच्या रुंदीवर भाळून दिलेले असतात. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासलेले बरे.

गैरसमज 1: डुअली रुंद, म्हणजे तिचा हौदाही रुंद.

वस्तुस्थिती: डुअली फुगते ती बाहेरून. जोडचाकं झाकणाऱ्या मडगार्डांमुळे तिची मागची रुंदी सुमारे 96 इंच, म्हणजे जवळजवळ एसटी बसच्या रुंदीला भिडणारी होते. साध्या चाकांचा तसाच ट्रक सुमारे 80 इंचांचा असतो. मात्र हौद्याच्या आत, चाकांच्या दोन कमानींमधलं अंतर दोन्ही ट्रकांत सारखंच, साधारण 50 ते 52 इंच. आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा तक्ता तिथे आडवा मावतो, आणि कॅम्परचा तळही बहुधा त्याच चार फुटांच्या हिशेबाने बांधलेला असतो. म्हणजे कॅम्पर आत सरकताना दोन्ही बाजूंना जेमतेम एक-दोन इंच मोकळे राहतात. रुंद ट्रक घेतला म्हणून आतली अडचण रतीभरही कमी होत नाही. उलट बाहेरची एक नवी अडचण उभी राहते.

गैरसमज 2: मोठ्या ट्रकवर कुठलाही कॅम्पर बसतो.

वस्तुस्थिती: ती नवी अडचण म्हणजे जॅक. कॅम्पर जॅकवर उभा असतो तेव्हा ट्रक त्याच्या पुढच्या बाजूने उलटा आत येतो. त्यामुळे ट्रकची मागची मडगार्डं कॅम्परच्या पुढच्या दोन जॅकांच्या मधून जातात. साध्या ट्रकच्या मापाचे जॅक असतील तर 96 इंचांची डुअली तिथेच अडकते. मडगार्ड चेपतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जॅकचा पाय वाकतो, आणि त्या पायावर तर सगळा कॅम्पर उभा असतो.

यावरचा उपाय म्हणजे बाहेर वळणारे जॅक-ब्रॅकेट. पुढचे दोन जॅक बिजागरीवर बाहेर फिरवून पिन लावली की 96 इंचांच्या ट्रकला दोन्ही बाजूंनी काही इंच मोकळे मिळतात. कॅम्पर चढला की जॅक पुन्हा आत वळवायचे, नाहीतर रस्त्यावर तेच सर्वांत बाहेर आलेले भाग ठरतात. हे फिरवणं जॅकवर भार नसतानाच करायचं. म्हणजे उतरवायच्या वेळी कॅम्पर अजून ट्रकवर असताना जॅक बाहेर वळवायचे, पिन लावायची आणि मगच पाय जमिनीला टेकवायचे. मागच्या दोन जॅकांना अशा ब्रॅकेटची गरज नसते, कारण मडगार्डं तिथपर्यंत पोचतच नाहीत. जुना कॅम्पर विकत घेताना आधी बघावी ती ही गोष्ट. ब्रॅकेट नसतील, तर त्यांची किंमत व्यवहारात धरावी.

गैरसमज 3: रिव्हर्सचा कॅमेरा आहे, मग बाहेर माणूस कशाला?

वस्तुस्थिती: बहुतेक कॅम्परांसाठी ट्रकचा मागचा फाळका काढून ठेवावा लागतो. कॅमेरा बसवलेला असतो तो नेमका त्याच फाळक्यात. फाळका काढताना त्याची तार सोडवली की पडदा कोरा! ट्रकला वेगळा जादा कॅमेरा असला, तरी कमानीपाशी उरलेला एक इंच आणि वरचा कॅबचा टप दोन्ही एका वेळी त्यात दिसत नाहीत. म्हणून ‘येऊ दे, येऊ दे… बास!’ म्हणणारा माणूस लागतोच. त्याने ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. कॅम्परच्या खाली किंवा ट्रक आणि कॅम्पर यांच्या मध्ये कधीही जायचं नाही.

गैरसमज 4: ट्रक सरळ मागे घेता आला की झालं.

वस्तुस्थिती: ट्रक मागे घेणं हा या कामातला सर्वांत छोटा भाग. खरा वेळ जातो तो आधीच्या तयारीत. जागा सपाट आणि टणक हवी. मऊ मातीत जॅकचे पाय रुततात, म्हणून त्यांच्याखाली फळ्या द्याव्यात. चारही जॅक थोडे-थोडे, बरोबरीने वर न्यावेत. एकच कोपरा भराभर उचलला तर शेजारचा पाय हवेत लटकतो आणि सारा भार उरलेल्यांवर येतो. कॅम्परचं नाक, म्हणजे कॅबवर येणारा पुढचा भाग, शेपटीपेक्षा किंचित वर ठेवावं. तळ हौद्याच्या पत्र्यापेक्षा दोनेक इंच उंच झाला की पुरे. त्याहून उगाच उंच नेलेला कॅम्पर लंब्या पायांवर डुलतो.

कॅबच्या टपावर अँटेना असेल तर ती आधी उतरवावी. डुअलीच्या टपावर पुढे पाच पिवळे दिवेही असतात. ते शोभेचे नसतात. अमेरिकेत 80 इंच किंवा त्याहून रुंद वाहनाला असे ओळखदिवे नियमाने लागतात. या दिव्यांच्या आणि कॅम्परच्या नाकाच्या मध्ये पुरेशी फट हवी, नाहीतर खड्ड्यातून जाताना नाक टपावर आपटतं. नव्या ट्रकांच्या हौद्याच्या भिंती उंच असल्याने कधीकधी तळाखाली उंचवटा देऊन कॅम्पर वर घ्यावा लागतो.

कॅम्परची पुढची भिंत हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडत आली, की ट्रक थांबवून हँडब्रेक लावायचा. ट्रकमधून कॅम्परला वीज देणारी तार हात पोचतोय तोवर जोडून घ्यायची. मग जॅक सावकाश खाली घेत कॅम्पर हौद्यात टेकवायचा.

गैरसमज 5: ‘पाऊण टनी’ ट्रक पाऊण टन उचलतो, ‘एक टनी’ एक टन. आणि ओढायची ताकद तर केवढी तरी असते!

वस्तुस्थिती: ही नावं जुन्या काळातली आहेत. ती आज ट्रकचा वर्ग सांगतात, वजन नव्हे. ओढायची क्षमता हीसुद्धा निराळी गोष्ट. तो आकडा मागे जोडलेल्या ट्रेलरचा, पाठीवरच्या ओझ्याचा नाही. पाठीवर किती चालेल याचं उत्तर ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर दिसतं. तिथल्या एका स्टिकरवर प्रवासी आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. त्याच चौकटीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि प्रत्येक धुरेची मर्यादाही असते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन ट्रकांचे आकडे वेगळे असू शकतात. जड डिझेल इंजिन, चार दारांची कॅब, चार चाकांना ताकद देणारी यंत्रणा हे सगळं ट्रकचं स्वतःचं वजन वाढवतं आणि तेवढं ओझं कमी होतं.

कॅम्परचं वजनही जाहिरातीतल्या आकड्यावरून धरू नये. तो आकडा बहुधा रिकाम्या कॅम्परचा असतो. समजा तो 3,000 पौंड आहे. 40 गॅलन पाण्याचे 334 पौंड, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्यांचे सुमारे 75, एसी, छत्री आणि जादा बॅटरीचे 250, भांडीकुंडी, कपडे, किराणा यांचे 500 आणि दोन माणसांचे 320. बेरीज जवळपास 4,480 पौंड, म्हणजे दोन हजार किलोंहून जास्त. तीन हजारांचा कॅम्पर दीडपट झाला! डुअलीची खरी गरज इथे पटते. मागे दोनाऐवजी चार टायर, त्यामुळे भार पेलण्याची ताकद जास्त आणि दोन्ही कडांना टेकू रुंद असल्याने वळणावर झोल कमी.

वजन किती याबरोबर ते कुठे पडतं हेही तितकंच महत्त्वाचं. कॅम्परचा गुरुत्वमध्य कुठे आहे हे त्यावर दाखवलेलं असतं. तो बिंदू ट्रकच्या मागच्या धुरेच्या पुढे यायला हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि ब्रेकही नीट लागत नाहीत. आखूड हौद्यावर लांब कॅम्पर ठेवला की हेच होतं.

गैरसमज 6: एअरबॅग बसवल्या की जास्त वजन चालतं.

वस्तुस्थिती: स्प्रिंगच्या जोडीला बसवलेल्या हवेच्या पिशव्या ट्रकची खाली बसलेली शेपटी वर आणतात आणि डुलणं कमी करतात. पण धुरा, चाकं, टायर आणि ब्रेक तेच राहतात, त्यामुळे स्टिकरवरची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. उलट ट्रक सपाट दिसू लागला की जास्त भरल्याचं लक्षातच येत नाही.

गैरसमज 7: एवढं जड धूड जागचं हलणार कसं?

वस्तुस्थिती: जड वस्तू ब्रेक लागताना अधिक जोराने पुढे रेटते. हौद्यात प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर असेल तर कॅम्पर त्यावरून सहज सरकतो. म्हणून तळाखाली जाड रबरी मॅट हवी आणि चार कोपऱ्यांना ताण देणारे चार बांध. हे बांध ट्रकच्या चासीला जोडलेले असले तर उत्तम, कारण हौद्याचा पत्रा खेचला जाऊन वाकू शकतो. सामान बांधायचे पट्टे इथे कामाचे नाहीत. निघाल्यावर पहिल्या काही मैलांनी गाडी बाजूला घेऊन ताण पुन्हा तपासावा. कॅम्पर जागेवर बसतो तसे बांध सैल पडतात.

गैरसमज 8: जॅकवर उभ्या कॅम्परात खुशाल राहावं.

वस्तुस्थिती: चढवायच्या उंचीवर उभा असलेला कॅम्पर आतल्या माणसाच्या प्रत्येक पावलाला हलतो, आणि तो हिसका बसतो जॅकच्या जोडांना. ट्रक काढून घेतल्यावर कॅम्पर जमेल तितका खाली आणावा. जास्त दिवस राहायचा असेल तर त्याच्या तळाखाली भक्कम आधार द्यावा.

कॅम्परचे पैसे मोजण्याआधी तीन कामं करा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो घ्या. टेप लावून पुढच्या दोन जॅकांमधलं अंतर आणि हौद्याची आतली मापं मोजा. कॅम्परचं रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य लिहून घ्या. पहिल्या सहलीला निघताना पाणी, सामान आणि माणसांसकट ट्रक हमरस्त्यालगतच्या ट्रकथांब्यावरील वजनकाट्यावर उभा करा. तिथे प्रत्येक धुरेचं वजन वेगळं छापलेली पावती मिळते. ती स्टिकरशी ताडून पाहा. पावतीचा आकडा मोठा निघाला, तर सामान उतरवा किंवा लहान कॅम्पर बघा.