खोबरे, कापूर आणि कोळसा : सीबच्या विमानतळावरील तपासणीमागचे रसायन

मस्कतचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सीब विलायतीत आहे. २००८ पर्यंत त्याचे नावही सीब आंतरराष्ट्रीय विमानतळ असेच होते. गणपती-दिवाळीच्या सुमारास येथून मुंबईकडे आणि मुंबईहून इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बॅगा उघडल्या जातात, तेव्हा अनेकांना तो संशय अपमानास्पद वाटतो. वास्तविक ही तपासणी दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधत असते.

पहिला प्रश्न घातपाताचा. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटात कोसळले व ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्बची बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढला नव्हता. प्रवासी न आल्यास त्याची बॅग उतरवून ठेवतात, त्यामागे हा अनुभव आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात. पेढ्यांचा घट्ट दाबून भरलेला डबा स्फोटकाप्रमाणेच दाट नारिंगी दिसू शकतो. म्हणून तो उघडून पाहतात आणि परत देतात.

दुसरा प्रश्न रसायनाचा आहे, आणि तेथे प्रवाशाचा हेतू पूर्णतः गैरलागू ठरतो. सुके खोबरे धोकादायक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत १३६३ या क्रमांकाने नोंदलेले आहे, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर. त्यात ओलावा राहिला, बुरशी वाढू लागली, की उष्णता निर्माण होते. गच्च भरलेल्या बॅगेत तिला बाहेर पडायला वाट नसते. पूजेचा कापूर क्रमांक २७१७, ज्वलनशील घन पदार्थ. परतीच्या वाटेवर ओमानची आठवण म्हणून लोबान घेतात आणि सोबत तो जाळण्याच्या कोळशाच्या चकत्याही. लोबानाचा खडा या यादीत नाही, पण वनस्पतिजन्य कोळसा आहे (क्रमांक १३६१), तोही खोबऱ्याच्याच वर्गात! दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत बांधून देतो, त्यामुळे फसगत होते.

सध्या सर्वांत गंभीर चिंता लिथियम बॅटरीची आहे. विमानाच्या मालकक्षात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो; परंतु एका तापलेल्या सेलकडून दुसऱ्याकडे सरकणारी आतली प्रक्रिया थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच हव्यात, चेक-इन सामानात कदापि नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची. मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागावे: २०,००० गुणिले ३.७ म्हणजे ७४, चालते. १०० ते १६० वॅट-तासांच्या सुट्या बॅटरीसाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि तीही फार तर दोन नगांना. त्याहून मोठी बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही. आकडा पुसट झालेली पॉवर बँक तपासणीस अडवू शकतो, कारण क्षमता वाचता आली नाही तर ती मर्यादेत आहे हे ठरवणार कसे?

ऑनलाइन चेक-इनच्या वेळी धोकादायक वस्तूंची चित्रे येतात आणि आपण न वाचता होकार देतो. ते चित्र नसून आपले निवेदन असते. खोबरे, कापूर मस्कतच्या भारतीय किराणा दुकानांत मिळतात, चकत्या पुण्या-मुंबईत.