नऊ कोटींची गिनी

पनवेलमधल्या कुठल्याही सराफाच्या काट्यावर जुनी गिनी ठेवा, आकडा आठ ग्रॅमच्या जरासा अलीकडे थांबतो. वजन 7.988 ग्रॅम, सोनं 22 कॅरेट. एवढ्याच वजनाची, याच कसाची एक गिनी जानेवारी 2020मध्ये ब्रिटनमध्ये 10 लाख पौंडांना विकली गेली. तेव्हाच्या दराने नऊ कोटी रुपयांच्या वर! तिच्यातल्या सोन्याचे त्या वेळी तीनशे पौंडही आले नसते. सोन्याच्या साडेतीन हजार पट भाव.

ती ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याची. नाणी चलनात यायच्या आतच, डिसेंबर 1936मध्ये त्याने गादी सोडली आणि नमुन्यादाखल पाडलेली मोजकी नाणीच मागे राहिली. त्याच्याच पाच पौंडी नाण्याला मार्च 2021मध्ये अमेरिकेतल्या लिलावात 22 लाख 80 हजार डॉलर मिळाले.

मला मात्र आपल्या मुंबईचा आकडा जास्त चक्रावून टाकतो. पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरलं की टांकसाळ चालत गाठता येते, रिझर्व्ह बँकेच्या समोरच. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोनं नेणं धोक्याचं झालं होतं, रुपयासाठी चांदी पुरत नव्हती. म्हणून लंडनच्या शाही टांकसाळीची शाखाच इथे उघडली. गिनीचे ठसे लंडनहून येईपर्यंत तेवढ्याच वजनाच्या पंधरा रुपयांच्या मोहरा पाडल्या, सुमारे 21 लाख. ठसे आल्यावर जवळपास 13 लाख गिन्या. मिळून 27 टन सोनं. जुन्या हिशेबाने तेवीस लाख तोळ्यांच्या वर! सगळ्यांवर साल एकच, 1918. पुढच्याच वर्षी शाखा बंद झाली.

घरात गिनी असेल तर भिंग घेऊन बघा. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज आणि खाली पडलेला ड्रॅगन. त्याखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या बरोब्बर वर बारीक ‘आय’ अक्षर दिसलं, तर ती मुंबईची. तिला कोटी मिळणार नाहीत, कारण 13 लाख ही संख्या लहान नव्हे. पण संग्राहक तिला सोन्यापेक्षा जास्त देतात आणि मोहरेला तर कितीतरी जास्त. अट एकच: नाणं जसंच्या तसं हवं. डाग देऊन कडी बसवली, पॉलिश मारलं, की तो वरचा भाव गेला. उरतं ते मोडीचं सोनं. आपल्याकडे किती गिन्या अशा माळेत ओवल्या गेल्या, किती मुशीत गेल्या, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि परदेशातले भाव वाचून नाणं तिकडे पाठवायचा विचार करू नका. 1972च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपुढचं नाणं ही पुरावस्तू ठरते. ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. विकायचंच तर ते भारतातच.